नाकावरची खपली

परळचे नाव काढले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर रुग्णालये उभी राहतात, आणि ते साहजिकच आहे; कारण गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या प्रासादात १८९९ साली जेथे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली, जेथे १९२६ साली के. ई. एम. आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, त्या या लहानशा टापूत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे आपापली दुखणी घेऊन पिढ्यान् पिढ्या येत राहिली आहेत. परंतु या सर्व संस्थांच्या आधी परळात मुक्या जनावरांचा दवाखाना उभा होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने निघालेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हे १८८० नंतरच्या दशकातले. आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याचे पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील हे होते. ट्रामगाड्या अजून घोडे ओढीत होते, गिरण्यांच्या गासड्या बैलगाड्यांतून जात होत्या, आणि दवाखान्यात येणारा रोगी बहुधा खुरांचाच असे. आज त्याच परळात केसपेपर काढण्यासाठी जी रांग लागते, तीत टोपल्यांतून आणि पिशव्यांतून आलेली मांजरे व साखळीला बांधलेले कुत्रे यांचाच भरणा अधिक असतो.

कुत्र्यांच्या बाबतीत या शहराचा इतिहास याहूनही जुना आणि काहीसा तिखट आहे. १८३२ साली बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाची अंमलबजावणी जरा अधिकच जोमाने होऊ लागली, आणि ज्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे असा पारशी समाज जून महिन्यात कोटात असा काही खवळून उठला की बंदोबस्तासाठी सरकारला पलटण बोलवावी लागली. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या शेठियांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ निघाला. जनावरांविषयीची कणव मुंबईला नवी नाही, इतकेच यावरून म्हणावयाचे. कणव असते, परंतु रोगाची ओळख नसते, आणि या लेखाचा विषय असलेल्या नाकाच्या कर्करोगात तर नेमके हेच घडते.

कातडीच्या अगदी वरच्या थरात माशाच्या खवल्यांसारख्या चपट्या पेशींची एकावर एक रचना असते. या पेशींची वाढ बेलगाम झाली म्हणजे जो रोग होतो त्याला डॉक्टर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजेच शल्की पेशींचा कर्करोग म्हणतात. नाव परके वाटले तरी रोग आपल्या परिचयाचा आहे. तंबाखूच्या गोळीने गालात जो कर्करोग होतो, आणि ज्यासाठी टाटा रुग्णालयाच्या दारात हजारो माणसे येतात, तो बहुतांशी याच जातीचा. आपल्याकडे बैलांना होणारा शिंगाचा कर्करोग, ज्यात शिंग हलू लागते, एका बाजूला कलते आणि शेवटी पडून जाते, तोही याच कुळातला. आणि भारतातील पशुवैद्यांनी त्याचा जितका अभ्यास केला तितका अन्य कोणत्याही देशातील पशुवैद्यांना करावा लागला नाही, कारण इतक्या संख्येने तो अन्यत्र आढळतच नाही. बैल शहरातून गेले. परंतु त्या पेशींचा स्वभाव बदललेला नाही. मांजराच्या आणि कुत्र्याच्या नाकाचा जो शेंड्याचा, केस नसलेला, दमट भाग असतो, तेथे या रोगाने ठाण मांडले म्हणजे त्याची सुरुवात किती क्षुल्लक दिसते, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

गिरगावातल्या एखाद्या चाळीची लाकडी गॅलरी डोळ्यांसमोर आणावी. दुपारी बारा-एकच्या सुमारास, घरातली माणसे जेवून लवंडली असता, कठड्याजवळच्या उन्हाच्या पट्ट्यात एक पांढरे मांजर डोळे मिटून पडलेले असते. त्याच्या कानांच्या पाळ्या इतक्या पातळ आणि गुलाबी की उन्हात त्यांतल्या शिरा दिसाव्यात, आणि नाकाचा शेंडाही तसाच गुलाबी. या गुलाबीपणाचेच आपल्याला कौतुक वाटते, आणि धोकाही त्यातच आहे. काळ्या किंवा करड्या मांजराच्या कातडीत मेलॅनिन नावाचे जे रंगद्रव्य असते, ते सूर्यकिरणांतील जंबुपार किरण शोषून घेते. पांढऱ्या कातडीत ते नसते, त्यामुळे ते किरण थेट पेशींच्या केंद्रकापर्यंत पोहोचून, पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांचीच मोडतोड करतात. १९७१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पांढऱ्या मांजरांना हा रोग होण्याचा संभव इतर रंगांच्या मांजरांपेक्षा सुमारे तेरापट अधिक आढळला होता. संपूर्ण पांढरेच असावे असेही नाही. अंगाने काळेबांडे परंतु नाकापुरते पांढरे असलेले मांजरही याच सदरात मोडते. काही मांजरांच्या बाबतीत उन्हाच्या जोडीला एका विषाणूचाही हात असतो, असे अलीकडे दिसून आले आहे. परंतु ऊन हा मुख्य आरोपी, याबद्दल मतभेद नाही.

आणि मुंबईचे ऊन काही साधे नव्हे. हे शहर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले असल्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. जुलैतला दिवस ढगांआड जातो, ही त्यातल्या त्यात पावसाची मेहेरबानी. परंतु ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पत्र्यावर, कठड्यावर, मासळीबाजाराच्या छपरावर लोळणाऱ्या मांजराला जो मारा सोसावा लागतो, तो आठ-दहा वर्षे साठत जातो आणि उतारवयात त्याची वसुली होते. म्हणूनच हा रोग पिलांत क्वचितच दिसतो. बहुधा नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मांजरातच तो आढळतो.

प्रारंभी नाकावर किंचित लाली येते, कातडी कोरडी पडते, मग मोहरीएवढी खपली धरते. खपली पडते, खाली ओलसर खरचटल्यासारखा भाग दिसतो, पुन्हा खपली धरते. या अवस्थेत रोग अद्याप कातडीच्या वरच्या थरातच असतो आणि कित्येक महिने तेथेच रेंगाळतो. त्यानंतर मात्र तो तळाची मर्यादा ओलांडतो. खपलीच्या जागी खड्डा पडतो, कडा जाड आणि कठीण होतात, शिंकेसरशी रक्ताचे थेंब उडतात, आणि अखेर नाकपुडीची कमान आतून कुरतडल्याप्रमाणे नाहीशी होऊ लागते. घरच्यांचा समज बहुधा एकच असतो, तो म्हणजे भांडणात कोणीतरी नख मारले. परळच्या दवाखान्यात अशा वेळी जो संवाद होतो, तो थोड्याफार फरकाने नेहमीचाच.

“मावशी, हे किती दिवसांपासून आहे?”

“झाले की डॉक्टर, गणपतीच्या आधीपासून. आमच्या माळ्यावरच्या बोक्याने पंजा मारला होता. हळद लावली, खोबरेल लावले, मग ते मेडिकलवाल्याकडचे मलमही लावले. बरे होते नि पुन्हा येते.”

आणि हा संवाद चालू असतो तो होळीच्या सुमारास! मांजराच्या नखाची जखम दोन आठवड्यांत भरून येते. सहा महिने टिकणाऱ्या खपलीला नखाचा ओरखडा म्हणणे, हा त्या बिचाऱ्या बोक्यावर नाहक आळ आहे. हळदीविषयी मला आदर आहे, परंतु मांजराच्या नाकावर लावलेली कोणतीही वस्तू ते पहिल्या मिनिटाला चाटून टाकते, म्हणजे मलमाचा उपयोग नाकाला होतच नाही, पोटाला मात्र होतो. आणि त्या अवधीत रोग आपले काम करीत असतो.

डॉक्टरांच्या हातात मांजर आले म्हणजे ते प्रथम खपली ओली करून अलगद उचलतात आणि खालचा भाग बोटाने दाबून पाहतात. तो मऊ आहे की कठीण, यावरून पुष्कळ कळते. नंतर जबड्याखालच्या गाठी चाचपतात, कारण हा रोग पसरला तर प्रथम तेथेच जातो, जरी मांजराच्या नाकावरून तो सावकाश आणि उशिरानेच पसरतो. परंतु निश्चित निदान बोटांनी होत नाही. त्यासाठी भूल देऊन त्या जागेचा लहानसा तुकडा काढावा लागतो, ज्याला आपल्याकडे सर्रास पीस काढणे किंवा बायॉप्सी म्हणतात. तो तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत जातो, आणि तेथील अहवाल आल्याखेरीज उपचार ठरविणे म्हणजे दस्तऐवज न वाचताच सही करणे होय. पुष्कळांना भीती वाटते की तुकडा काढल्याने कर्करोग भडकतो. या समजुतीला आधार नाही. उलट तुकडा न काढल्यामुळे चुकीचे औषध महिनोन् महिने चालू राहते, याला मात्र भरपूर आधार आहे.

तुकड्याचा आग्रह मी इतका का धरतो, हेही सांगितले पाहिजे. नाकावर व्रण करणारे रोग अनेक आहेत आणि ते परस्परांचे वेष घेऊन वावरतात. मांजराच्या नाकावर बुरशीचे व्रण हुबेहूब असेच दिसतात. कुत्र्याच्या नाकाचा काळा रंग उडून तेथे फिकट गुलाबी चट्टे पडतात, खवले सुटतात, रक्त येते. आणि तो कर्करोग नसून ल्यूपस नावाचा, शरीराने स्वतःच्याच कातडीवर केलेला हल्ला असतो, ज्याला शस्त्र लावावयाचे कारणच नाही. पेम्फिगस नावाचा दुसरा एक रोगही याच प्रकारचा. एकाला औषधाच्या गोळ्या, दुसऱ्याला बुरशीवरचे औषध आणि तिसऱ्याला शस्त्रक्रिया असा हा प्रकार असल्यामुळे आधी नाव आणि मग औषध, हा क्रम मोडून चालत नाही.

मांजराचा रोग वरच्या थरातच असताना हाती लागला, तर उपाय पुष्कळ आहेत. उणे १९६ अंश तापमानाचा द्रव नायट्रोजन लावून ती जागा गोठवून मारता येते, ही क्रायोसर्जरी. गोठवलेला भाग प्रथम सुजतो, मग काळा पडून गळतो आणि खाली नवी, बहुधा बिनरंगाची कातडी येते. परदेशांत स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सर्गी द्रव्याची टोक असलेली कांडी काही मिनिटे नाकावर टेकवून ठेवतात. तिचे किरण कातडीत जेमतेम दोन मिलिमीटर शिरतात, त्यामुळे उथळ रोग नष्ट होतो आणि खालच्या कूर्चेला धक्का लागत नाही. प्रकाशाने जागृत होणारे औषध टोचून त्यावर विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश सोडण्याची पद्धतही आहे, आणि ब्लिओमायसिन हे औषध देऊन विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी पेशींची दारे उघडण्याचीही. या सर्व पद्धतींना एकच अट असते, ती म्हणजे रोग उथळ हवा. तो खोल गेला असेल तर वरची पेशी मरते आणि खालची जिवंत राहते, आणि काही महिन्यांनी खपली पुन्हा हजर होते.

खोल गेलेल्या रोगावर मांजराच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा उपाय आजही शस्त्रक्रियेचाच आहे; आणि ती ऐकून माणसे दचकतात, कारण तीत नाकाचा संपूर्ण शेंडा, कडेच्या निरोगी कातडीसह, कूर्चेपर्यंत कापून काढतात. उरलेल्या मोकळ्या भागाभोवती टाके घालून कातडी आत वळवतात, म्हणजे दोन नाकपुड्यांच्या जागी एक लहानसे उघडे द्वार राहते. जखम भरताना ते द्वार आकुंचन पावू नये, याकडे पुढील काही आठवडे लक्ष ठेवावे लागते. पहिले चार-सहा दिवस कठीण असतात. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर असते, नाकात रक्ताच्या गुठळ्या असतात, आणि मांजर हा प्राणी वासाशिवाय अन्नाला तोंडच लावत नसल्यामुळे ते उपाशी बसते. अशा वेळी काटे काढलेल्या, मीठमसाला न घातलेल्या बांगड्याचे किंवा बोंबलाचे कोमट पाणी पुढे ठेवले, तर पुष्कळ मांजरे त्या वाफेला भुलतात. नाही भुलली तर डॉक्टरांनी नळीची तजवीज केलेली असते. दोन-तीन आठवड्यांत जखम भरते. चेहरा चपटा दिसतो, पाहुण्यांना तो विचित्र वाटतो, घरच्यांना महिनाभर वाईट वाटते. मांजराला मात्र आरशाचे सोयरसुतक नसते, आणि वेदना थांबल्यामुळे ते पूर्वीपेक्षा अधिक हुशारीने वावरू लागते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, नाक आणि कानांवर हा रोग झालेल्या ६१ मांजरांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या रोगमुक्त काळाचा मध्यक ५९४ दिवस होता, तर गोठविण्याच्या उपचारानंतर तो २५४ दिवस होता. मांजराच्या आयुष्यात दीड वर्षाहून अधिक हा काही थोडा काळ नव्हे.

येथे एका गोष्टीची ताकीद दिलीच पाहिजे. माणसाच्या कातडीच्या उन्हाने होणाऱ्या अशाच विकारांवर फ्लुरोयुरासिल नावाचे मलम देतात. ते मांजराला प्राणघातक आहे, मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होऊन झटके येतात आणि मांजर दगावते. कुत्र्यांत वापरले जाणारे सिस्प्लॅटिन हे इंजेक्शनही मांजराच्या फुफ्फुसांत पाणी करून त्याचा जीव घेते. आणि घरोघरच्या डब्यात असणारी पॅरासिटामोलची गोळी, जी दुखते आहे म्हणून कोणी दयाबुद्धीने देईल, तिचा तुकडाही मांजराला पुरेसा घातक ठरतो. दया करावी, परंतु डब्यातली गोळी देऊन नव्हे.

कुत्र्याची हकिगत निराळी. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर हा कर्करोग मांजराच्या मानाने कमी होतो, आणि झाला तर लॅब्राडोर व गोल्डन रिट्रिव्हर या जातींच्या नरांत तो विशेष आढळतो. दादरच्या पारशी कॉलनीत आणि हिंदू कॉलनीत सकाळ-संध्याकाळ फिरावयास निघणाऱ्या कुत्र्यांत या जाती किती आहेत, हे सांगावयास नको. दुर्दैव असे की कुत्र्यात तो अधिक आक्रमक असतो, लवकर कूर्चेत आणि पुढे वरच्या जबड्याच्या हाडात उतरतो. नुसत्या किरणोपचाराला तो फारसा जुमानत नाही. नाकाच्या शेंड्यासह वरच्या जबड्याचा पुढचा भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती करण्यापूर्वी सीटी स्कॅन काढून रोग किती मागे गेला आहे, ते पाहावे लागते. योग्य वेळी केली तर कुत्रा तिच्यातून बरा होतो व चांगला जगतो. उशीर झाला असेल तर वेदना कमी ठेवण्याची औषधे देणे आणि त्याचे हाल होऊ न देणे, इतकेच हाती राहते, आणि तेही काही कमी महत्त्वाचे काम नव्हे.

परंतु मुंबईच्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या नाकातून रक्त येते तेव्हा हे सर्व विचारात घेण्यापूर्वी डॉक्टर दोन दुसऱ्याच गोष्टींची खातरजमा करतात. पहिली गोचीड-ताप: गोचिडीतून शिरलेल्या जंतूंमुळे रक्त गोठविणाऱ्या कणिका घटतात आणि नाक वाहू लागते, याचा छडा रक्ताच्या तपासणीने लागतो. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे, आणि माझ्या मते साऱ्या कर्करोगशास्त्रात तिच्याइतकी आश्चर्यकारक हकिगत दुसरी नाही.

कुत्र्यांत एक अशी गाठ आहे जी संसर्गाने पसरते, परंतु तिचा संसर्ग जंतूचा नसतो. कर्करोगाची जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन तेथे रुजते. समागमातून ती जननेंद्रियांवर येते, आणि कुत्रे परस्परांना हुंगतात व चाटतात त्यामुळे नाकातही शिरते. १८७६ साली रशियात नोविन्स्की या पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखविली, आणि कर्करोगाचे यशस्वी रोपण म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्या प्रयोगाची नोंद झाली. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, तर या गाठीच्या पेशीत साठाच्या आसपास; म्हणजे ज्या कुत्र्याच्या अंगावर ती वाढते त्याची ती नसतेच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे ही गाठ बहुधा आशियात, चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या अंगात उपजली, आणि तो कुत्रा मेल्यावरही त्याच्या पेशी आजतागायत जगभर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वस्ती करीत आहेत. लालबागच्या एखाद्या गल्लीत, मंडपाच्या बांबूंखाली झोपलेल्या कुत्र्याच्या नाकाचा दांडा एका बाजूने फुगला असेल, एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, तर त्याच्या नाकात तो पुराणकालीन कुत्रा बसलेला असण्याचा संभव मोठा आहे.

दिसावयास ही गाठ भयंकर. लोक म्हणतात, कुत्र्याचे नाक सडले, आता त्याला सोडवा. आणि येथेच निदानाची किंमत कळते. त्या नाकपुडीतला थोडासा स्राव व पेशी काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की गोल गोल पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात पाण्याचे असावेत असे स्वच्छ बुडबुडे ओळीने मांडलेले दिसतात. अनुभवी डोळ्याला ही ओळख क्षणात पटते. मग आठवड्यातून एकदा शिरेतून व्हिंक्रिस्टीनचे इंजेक्शन, असे बहुधा चार ते सहा आठवडे. आणि दहांपैकी नऊ कुत्रे पूर्ण बरे होतात. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासावे लागते, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात. आणि सुई शिरेतच असावी लागते, कारण औषध शिरेबाहेर सांडले तर तेथील मांस झडते. म्हणून हे काम रस्त्यावर उभ्याउभ्या उरकण्याचे नव्हे. या गाठीचा माणसाला संसर्ग होत नाही, हेही सांगून ठेवतो, म्हणजे गल्लीतल्या मुलांना हुसकावण्याचे कारण उरणार नाही.

हे व्हिंक्रिस्टीन निघते सदाफुलीपासून. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे इतकी रुळली आहे की चाळींच्या गॅलरीत, तुटक्या बादलीत, पत्र्याच्या डब्यात, कोणी पाणी घालो न घालो, ती जांभळी-पांढरी फुले देतच असते. आणि तिच्याच द्रव्याने टाटा रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार होतात. मात्र यावरून कोणी पाने वाटून कुत्र्याला पाजण्याचा उद्योग करू नये. पानांतील औषधाचे प्रमाण अत्यल्प आणि विषारीपणा भरपूर, अशी ही वनस्पती आहे.

म्हणजे पाहा: एका गुलाबी नाकाच्या पांढऱ्या मांजराची मोहरीएवढी खपली, जिच्याकडे कोणी लक्षही देत नाही, ती नाक गिळणारी ठरते, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचे विद्रूप, रक्ताळलेले नाक, ज्याला पाहून लोक त्याच्या मरणाची प्रार्थना करतात, ते दीड महिन्यात बरे होते. डोळ्यांना जे दिसते त्यावर या बाबतीत विश्वास टाकता येत नाही.

सोयींविषयी थोडे. परळचे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. महालक्ष्मीला २०२४ साली टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रिया, भूल, स्कॅन, पेशींची तपासणी या बाबतीत मुंबईकराला आता परगावी जाण्याचे कारण नाही. किरणोपचार मात्र आपल्या देशात जनावरांसाठी अद्याप सुलभ झालेला नाही, आणि माणसांच्या रुग्णालयांत जेथे यंत्रापुढे माणसांचीच रांग संपत नाही, तेथे मांजरासाठी जागा मागणे कोणालाही संकोचाचेच वाटेल. म्हणून आपल्यासाठी लवकर ओळख आणि वेळेवर शस्त्रक्रिया हाच राजमार्ग. खर्च होतो, हे खरे. परंतु उथळ खपली गोठविण्याचा खर्च आणि नाक काढण्याचा खर्च यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर बहुधा घरातल्या माणसांनी दवडलेल्या महिन्यांचे असते.

प्रतिबंध फार सोपा आहे. पांढऱ्या नाकाच्या मांजराला सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत उन्हात पडू देऊ नये. त्याला ऊबच हवी असते. ती बंद काचेच्या खिडकीआडूनही मिळते, कारण साधी काच या रोगाला कारण होणारे जंबुपार किरण बव्हंशी अडवते. माणसांची उन्हाची मलमे फासू नयेत. त्यांतील झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट ही द्रव्ये चाटण्यातून पोटात जातात आणि अपाय करतात. कुत्र्याच्या त्या संसर्गजन्य गाठीवर प्रतिबंधक उपाय म्हणजे निर्बीजीकरण. वस्तीतल्या कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या संस्थेची गाडी आली म्हणजे तिच्याशी हुज्जत न घालता कुत्री पकडून देण्यास मदत करावी.

आणि घरच्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या नाकावरची खपली तीन आठवड्यांत गेली नाही, तर दवाखाना गाठावा. जाताना जुने केसपेपर आणि रक्ताचे अहवाल बरोबर न्यावेत, दर आठवड्याला मोबाइलवर काढलेली नाकाची छायाचित्रे तारखेनिशी दाखवावीत, भूल द्यावी लागेल या हिशेबाने आदल्या रात्रीच्या जेवणाविषयी डॉक्टरांना आधी फोन करून विचारावे, आणि दोन दिवस आधीपासून नाकाला हळद, तेल, मलम यांपैकी काहीही लावू नये. खपलीखाली काय आहे ते डॉक्टरांना स्वच्छ दिसले पाहिजे.